हिशेबनिसाच्या मेजावरची किल्ली

बडोद्याहून अहमदाबादकडे निघालेली गाडी शहराची वस्ती मागे टाकते न टाकते तोच बाजवा स्टेशन लागते. एके काळी हे एक साधे खेडे होते. १९६२ साली स्थापन झालेल्या गुजरात स्टेट फर्टिलायझर्सचा खताचा कारखाना त्याच्या शेजारी उभा राहिला, १९६५ मध्ये जवळच कोयलीला तेलशुद्धीकरणाचे काम सुरू झाले, पुढे नंदेसरीची औद्योगिक वसाहत आली, आणि बाजव्याचे रूप पालटले. मोठ्या कारखान्यांच्या आसऱ्याने लहान धंदे वाढतात. कोणी मालवाहतूक करतो, कोणी मजूर पुरवतो, कोणी नळ जोडून देतो, कोणी उपाहारगृह चालवतो. धंदा लहान असो वा मोठा, त्याला हिशेब चुकत नाही. आणि ज्याला हिशेब स्वतः ठेवता येत नाही, तो कोणा हिशेबनिसाकडे, करसल्लागाराकडे किंवा सनदी लेखापालाकडे जातो.

अशा एखाद्या हिशेबनिसाच्या मेजावर काय काय येऊन पडते याचा विचार करून पाहावा. पन्नास कुटुंबांचे आधार आणि पॅन क्रमांक तेथे असतात. बँकेचे खाते कोठे आहे, त्यात शिल्लक किती, कर्ज किती, हप्ते कोणते थकले, हे तेथे कळते. कोणत्या ठेकेदाराने कोणाला किती भावाने माल दिला, कोणत्या कामगाराला किती पगार मिळतो, कोणत्या भावाने कोणत्या भावाला गुपचूप उसने पैसे दिले, हेही तेथे नोंदलेले असते. वैद्याला माणसाचे शरीर कळते, वकिलाला त्याचे भांडण कळते. हिशेबनिसाला त्याचा संसार कळतो. हे सारे ज्ञान हिशेबनिसाचे नव्हे. ते परक्याचे धन असून त्याच्यापाशी ठेव म्हणून ठेवलेले असते.

ही ठेव सांभाळण्याची रीत जुनीच आहे. पेशवाईचे कागद रुमालांत बांधलेले असत. कापडाचा तो चौकोनी तुकडा, त्यात घट्ट बांधलेली कागदांची चळत, आणि ती सांभाळणारा दप्तरदार, ही महाराष्ट्राची आणि गायकवाडांच्या बडोद्याचीही ओळखीची व्यवस्था. त्याच बडोद्याच्या पेढ्यांवर लाल कापडाच्या बांधणीचे चोपडे असत. दप्तरात मोडी आणि गुजराती पेढीवर काना-मात्रा गाळून लिहिलेली वाण्यांची लिपी. ते अक्षर सरावाच्या माणसाखेरीज इतरांना सहसा उलगडत नसे. चोराला चोपडे न्यायचे म्हटले तर ते डोक्यावर घेऊन जावे लागे. आणि सकाळी फळी रिकामी दिसली की चोरी झाली हे पेढीवाल्याला तत्काळ समजे.

आज ते सारे चोपडे करंगळीएवढ्या पेनड्राइव्हमध्ये मावतात. एवढेच असते तर चिंता बेताची होती. खरी चिंता ही की, आजच्या चोराला काहीच उचलून न्यावे लागत नाही. तो नक्कल करून घेतो आणि मूळ जेथल्या तेथे राहते. दुसऱ्या दिवशी हिशेबनीस कचेरी उघडतो, दिवा लावतो, संगणक सुरू करतो. सारे जसेच्या तसे असते. फळी रिकामी दिसत नाही. चोरी झाल्याचे कळते ते कित्येक महिन्यांनी, कोणा अशिलाच्या नावावर त्याने कधी न घेतलेले कर्ज निघते तेव्हा.

या बाबतीत लहान हिशेबनिसाचा एक ठाम समज असतो. “आमच्यासारख्या गरिबाच्या कचेरीत चोरण्यासारखे आहे काय?” असे तो म्हणतो. त्याच्या गल्ल्यात खरोखरच फारसे काही नसते. परंतु चोर त्याच्या गल्ल्यासाठी येतच नाही. एका चाळीतील पन्नास खोल्या फोडण्यापेक्षा पन्नास खोल्यांच्या किल्ल्या ज्याच्या खुंटीवर टांगलेल्या आहेत, त्याची एक खोली उघडणे सोपे. हिशेबनीस हा तो खुंटीवाला होय.

या किल्ल्यांपैकी एकीचा विचार वेगळा करायला हवा. कंपनीचे कागद सरकारात दाखल करताना संचालकाची डिजिटल सही लागते. ती एका लहानशा यूएसबी टोकनमध्ये असते आणि एका गुप्त अंकाने उघडते. अनेक ठिकाणी रिवाज असा पडला आहे की, संचालक ते टोकन हिशेबनिसाच्या हवाली करून मोकळा होतो. हिशेबनीस ते खणात टाकतो आणि विसर पडू नये म्हणून गुप्त अंकाची चिठ्ठी त्यालाच चिकटवतो. हेतू वाईट नसतो. प्रत्येक वेळी धावपळ नको, एवढाच असतो. परंतु २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने या सहीला हाताच्या सहीचेच मोल दिले आहे, आणि सहीची किल्ली ज्याची त्याने आपल्याच ताब्यात राखण्याची काळजी घ्यावी, असेही तोच कायदा सांगतो. कोऱ्या कागदावर सही करून तो दुसऱ्याच्या खणात ठेवावा, असे बाजव्याचा कोणताही शहाणा व्यापारी करणार नाही. टोकन आणि चिठ्ठी एकत्र ठेवणे म्हणजे तसल्या कोऱ्या कागदांचा गठ्ठाच होय. आणि त्या गठ्ठ्याचा गैरवापर झाला तर पहिला संशय, हिशेबनीस कितीही निर्दोष असला तरी, त्याच्यावरच जाईल.

लहान कचेरीची गोष्ट राहू द्यावी. मोठ्या संस्थेत, जेथे पहारे असतात, तेथे काय घडले ते पाहावे. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ साली स्थापन झालेली. मराठी माणसाच्या विश्वासावर वाढलेली जुनी संस्था. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, या बँकेच्या कार्डांच्या नकला वापरून जगातील २८ देशांत यंत्रांतून पैसे काढले जाऊ लागले. काही तासांत परदेशांत सुमारे बारा हजार व्यवहारांतून ७८ कोटी रुपये निघाले; भारतातच सुमारे २,८०० व्यवहारांतून आणखी अडीच कोटी गेले. तेवढ्याने भागले नाही. १३ ऑगस्टला बँकेच्या आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेतून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळते झाले. एकूण रक्कम ९४ कोटी ४२ लाख. पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये या प्रकरणी अकरा जणांना दोषी ठरवले. ते बहुतेक पैसे काढण्याच्या कामी लागलेले हात होते. दूर बसून सूत्रे हलवणारी डोकी त्यांत नव्हती.

या घटनेतील कळीचा मुद्दा हिशेबनिसाने आपल्या भाषेत समजून घेण्यासारखा आहे. एखाद्याने यंत्रात कार्ड घातले की, ‘याच्या खात्यात पैसे आहेत काय?’ हा प्रश्न मधल्या एका यंत्रणेमार्फत बँकेच्या मुख्य खतावणीकडे जातो आणि तेथून होकार किंवा नकार परत येतो. चोरांनी बँकेच्या जाळ्यात शिरून या मधल्या यंत्रणेची एक तोतया प्रतिकृती उभी केली. मग प्रश्न खतावणीपर्यंत पोचेचना. तोतयाच प्रत्येक वेळी ‘होय, द्या’ असे उत्तर देत राहिला. ग्राहकांच्या खात्यांतून एक पैसाही वजा झाला नाही, आणि बँकेची तिजोरी मात्र रिती होत गेली. जुन्या पेढीवरचा मुनीम याला एका वाक्यात नाव देईल: खतावणी न पाहता पैसे मोजले. यंत्र नवे होते, दोष जुना होता.

तेव्हा या नव्या संकटाला अगदी नवीच विद्या पाहिजे, असे मानण्याचे कारण नाही. यंत्राची राखण यंत्रज्ञ करतील, तीही लागतेच. परंतु हिशेबनिसाच्या धंद्यात चार नियम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत: पावतीवाचून पैसा देऊ नये, देणारा आणि तपासणारा हात एक नसावा, लिहिलेले खोडू नये, आणि महत्त्वाच्या कागदाची नक्कल दुसऱ्या जागी असावी. हे चार नियम संगणकासमोर बसल्यावर विसरले जातात, येथेच बहुतेक चोरांना वाट मिळते.

पहिला नियम पावतीचा. लहान कचेरीवर चोर येतो तो कुलूप तोडून येत नाही, पत्र पाठवून येतो. विवरणपत्रांची अखेरची तारीख जवळ आली असता ‘आपल्यावर दंड बसला आहे, नोटीस उघडून पाहा’ असा ई-मेल येतो. घाबरलेला हिशेबनीस ती उघडतो आणि तिच्याबरोबर आलेला विषाणू घरात घेतो. किंवा नेहमीच्या माल पुरवणाऱ्याच्या नावाने पत्र येते: ‘आमचे बँकेचे खाते बदलले आहे, यापुढील रक्कम नव्या खात्यात भरावी.’ नाव तेच, चिन्ह तेच, भाषाही तीच. पत्त्यातील एखादे अक्षर तेवढे निराळे. किंवा मालकाचे छायाचित्र लावलेल्या व्हॉट्सअ‍ॅपवरून निरोप येतो, ‘बैठकीत आहे, फोन करू नका, ही रक्कम लगेच पाठवा.’ या तिन्हींत दोन गोष्टी समान असतात, घाई आणि मोठ्या माणसाचा दरारा. यावरचा उपाय पेढीच्या मुनिमाला ठाऊक होता. तो निरोप्याच्या शब्दावर थैली सोडत नसे. मालकाकडे उलट माणूस पाठवी. आजचा उलट माणूस म्हणजे फोन. तोही पत्रात दिलेल्या क्रमांकावर नव्हे, तर आपल्या वहीत आधीपासून असलेल्या क्रमांकावर करायचा.

एका अक्षराकडे लक्ष देण्याची किंमत किती असते याचा दाखला फेब्रुवारी २०१६ मध्ये जगाला मिळाला. बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या नावाने न्यूयॉर्कला खोटे आदेश गेले. आठ कोटी दहा लाख डॉलर फिलिपाइन्समध्ये पोचून नाहीसे झाले. दोन कोटी डॉलरचा आणखी एक आदेश श्रीलंकेतील एका प्रतिष्ठानाच्या नावे होता. त्यात ‘फाउंडेशन’ या शब्दाचे स्पेलिंग चुकलेले होते. वाटेतल्या बँकेत ती चूक नजरेस आली, चौकशी झाली आणि ती रक्कम वाचली. शुद्धलेखन हा शाळेतला रटाळ तास समजला जातो. त्या दिवशी त्याने दोन कोटी डॉलर राखले.

दुसरा नियम दोन हातांचा. लहान कचेरीत एकच पासवर्ड चौघे वापरतात आणि तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला असतो. पुढे काही बिघडले तर ते कोणी केले हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. प्रत्येकाला वेगळे नाव व वेगळा पासवर्ड असावा. ज्याला पगारपत्रकाचे काम नाही त्याला पगारपत्रक दिसू नये. नोकरी सोडून जाणाऱ्याचा प्रवेश त्याच संध्याकाळी बंद व्हावा. पैसे देण्याचा आदेश एकाने तयार करावा आणि दुसऱ्याने मंजूर करावा. पासवर्डशिवाय दुसरी खूणही विचारली जाईल अशी सोय बहुतेक ठिकाणी आता आहे. ती चालू करून घ्यावी. आणि फोनवर आलेला ओटीपी कोणालाही, अगदी ‘बँकेतून बोलतो’ म्हणणाऱ्यालाही, सांगू नये.

तिसरा नियम न खोडण्याचा. व्हेनिस येथे १४९४ साली छापलेल्या ग्रंथात लुका पाचोली या फ्रान्सिस्कन साधूने दुहेरी नोंदीची पद्धत सविस्तर मांडली, तेव्हा वह्यांच्या पानांना क्रमांक घालण्याची रीतही त्याने सांगितली. पानांना क्रमांक असला म्हणजे गुपचूप पान फाडता येत नाही. आपल्याकडील जुने मुनीमही चुकलेली नोंद खोडत नसत. उलट नोंद करून ती दुरुस्त करीत. संगणक आल्यावर हे बंधन सुटले. मागील तारखेचा आकडा बोटाच्या एका दाबाने बदलता येऊ लागला आणि मागे ओरखडाही उरेनासा झाला. म्हणून १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदल केव्हा झाला याची आपोआप नोंद राहिली पाहिजे आणि ती नोंद बंद करता येता कामा नये, असा नियम केंद्र सरकारने लागू केला. कित्येकांना तो जाच वाटतो. वस्तुतः तो पाचोलीचा पानांवरचा क्रमांकच आहे. प्रामाणिक हिशेबनिसाला तो चोरापासून राखतोच, खोट्या आळापासूनही राखतो.

चौथा नियम नकलेचा. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा विषाणू सुमारे दीडशे देशांत पसरला. तो संगणकातील कागदपत्रे कुलूपबंद करी आणि किल्लीसाठी खंडणी मागे. इंग्लंडमधील इस्पितळांची कामेसुद्धा त्याने अडवली. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवण्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये, दिली होती. ज्यांनी ती बसवून घेण्यात आळस केला ते सापडले. चोरून मिळवलेले सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना तर अशा दुरुस्त्या अनेकदा मिळतच नाहीत, आणि त्या फुकटच्या सॉफ्टवेअरबरोबर कोण आत येते हेही कळत नाही. अशा प्रसंगी ज्याच्याजवळ कालची नक्कल आहे, तो खंडणीखोराकडे पाठ फिरवू शकतो. जाणकारांचा सोपा दंडक असा: कागदाच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतली एक कचेरीच्या बाहेर असावी. नक्कल संगणकाला कायम जोडून ठेवू नये. घराची जादा किल्ली दारालाच लटकावण्यासारखे ते होईल. आणि महिन्यातून एकदा ती नक्कल उघडून पाहावी. ताळा न घेतलेली बेरीज आणि न उघडलेली नक्कल, दोन्हींवर भरवसा सारखाच.

या साऱ्यामागे कायद्याचा हातही आहे. सनदी लेखापालांचा कायदा १९४९ सालचा. अशिलाच्या संमतीवाचून त्याची माहिती उघड करणे हे त्या कायद्याने तेव्हापासूनच व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे. मात्र माहिती आपल्या तोंडून बाहेर पडली नाही, निष्काळजीपणामुळे खिडकीतून पडली, एवढ्या सबबीवर आता सुटका नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले असून त्यातील बंधने टप्प्याटप्प्याने लागू होण्याची योजना आहे. माहिती राखण्याची वाजवी काळजी न घेणाऱ्याला या कायद्यान्वये २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ही मर्यादा कमाल आहे, लहान कचेरीला तेवढा दंड होईल असे नव्हे. परंतु परक्याची माहिती ही कचेरीची मालमत्ता नाही, एवढे त्यावरून स्पष्ट व्हावे. जे काम झाले त्यासाठी घेतलेली आणि कायद्याने राखण्याची गरज उरली नाही अशी आधारची नक्कल वर्षानुवर्षे का साठवावी? जे जवळ नाही ते चोरीस जात नाही.

आणि इतके करूनही चोरी झालीच तर? येथे हिशेबनिसाची खरी परीक्षा होते. अब्रूच्या भीतीने तो गप्प बसतो, चार दिवस स्वतःच धडपडतो, आणि तेवढ्या अवधीत पैसे दहा खात्यांतून फिरून दिसेनासे होतात. १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवले तर वाटेतली रक्कम अडवण्याची संधी असते; पहिल्या काही तासांचे मोल पुढच्या काही महिन्यांना येत नाही. संगणकसुरक्षेचे काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या आदेशानुसार अशा घटना सहा तासांच्या आत कळवायच्या असतात. त्याहून अवघड काम अशिलांना सांगण्याचे. ज्यांनी विश्वासाने कागद दिले त्यांच्यापुढे उभे राहून ‘तुमची माहिती गेली आहे, तुमच्या खात्यांकडे लक्ष ठेवा’ असे म्हणायला धैर्य लागते. पण लपवलेली चूक ही न लिहिलेल्या उधारीसारखी असते. वहीत दिसत नाही आणि व्याज मात्र चढत राहते.

अशिलाचीही यात वाटणी आहे. सहीचे टोकन हिशेबनिसाच्या खणात टाकून निर्धास्त होणारा, आधार कार्डाचे छायाचित्र सर्वांना दिसणाऱ्या व्हॉट्सअ‍ॅप समूहात पाठवणारा, ‘माझा पासवर्ड तुम्हीच ठेवा’ म्हणणारा अशील हिशेबनिसाला विश्वास देत नाही, ओझे देतो. ‘माझे कागद तुम्ही कोठे ठेवता? कोण पाहतो? नक्कल कोठे असते?’ हे विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. बँकेत तिजोरीचा कप्पा घेताना हे प्रश्न कोणी संकोचाने विचारत नाही.

दिवाळीच्या दिवशी बडोद्याच्या पेढ्यांवर चोपडा पूजन होते. नव्या चोपड्याच्या पहिल्या पानावर ‘शुभ’ आणि ‘लाभ’ लिहिले जाते; आणि चोपड्यांची जागा संगणकाने घेतली तेथे त्यालाही कुंकू लागते. बाजव्याच्या हिशेबनिसाने त्या दिवशी आणखी एक काम हाती घ्यावे. आपल्या खुंटीवर किती किल्ल्या आहेत हे मोजावे. कोणाचे टोकन आपल्या खणात आहे, ते ज्याचे त्याला परत करावे. कोणते पासवर्ड भिंतीवर आहेत, ते पुसून बदलावेत. कोण नोकरी सोडून गेला आणि तरी आत येऊ शकतो, ते पाहावे. कालची नक्कल उघडून तिचा ताळा घ्यावा. याला खर्च थोडा आणि वेळ एका सकाळचा. वर्षभर पन्नास घरांचे शुभ आणि लाभ ज्याच्या मेजावर विसंबून असतात, त्याच्या पूजेत एवढा विधी वाढला तर तो अधिक नव्हे.